बहामाच्या झेंड्याखाली सासूबाईंचा चष्मा

भोसलेबाईंचा हात मोडला म्हणून मी परदेशात गेले. प्रवासाबद्दल लिहिणारी माणसं सुरुवातीला समुद्राची ओढ, क्षितिजाची हाक असं काहीतरी लिहितात. मला कुणी हाक मारली नव्हती. खडकवासला धरण भरलं की जेवढं पाणी दिसतं, तेवढं मला आयुष्याला पुरलं होतं.

झालं असं, की कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत बायकांचं मंगळागौर मंडळ आहे. झिम्मा, फुगडी, पिंगा हे खेळ श्रावणात करायचे असतात. मंडळ ते बारा महिने करतं. एका सहल कंपनीनं त्यांना सिंगापूरहून निघणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजावर कार्यक्रम करायला बोलावलं. खर्च आपला, रंगमंच त्यांचा. सगळं ठरलं आणि भोसलेबाई तालमीत पडल्या. त्यांची जागा रिकामी जाऊ नये म्हणून पासपोर्ट असलेली बाई शोधणं सुरू झालं. माझा पासपोर्ट मुलानं कधीतरी काढून कपाटात ठेवला होता. माझे गुडघे नाचायच्या कामाचे नाहीत, हे मी आधीच सांगितलं.

"तुम्ही नुसत्या बसा, सुभद्राकाकू," मीनाताई म्हणाल्या.

मीनाताई मंडळाच्या प्रमुख, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बसा म्हणाल्या की माणूस बसतो. मी चौथीपर्यंत शिकले, मग लग्न झालं आणि जन्म पिठाच्या गिरणीत गेला. आता गिरणी मुलानं भाड्यानं दिली आहे, पण सोसायटीत मला अजून गिरणीवाल्या काकूच म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

निघताना सुनेनं बॅग दिली आणि म्हणाली, "आई, तिकडे कुणाला फटकन काही बोलू नका."

"गप्पच बसायचं तर इथे काय वाईट आहे?" मी म्हटलं.

लोहगावच्या विमानतळावर तपासणीच्या माणसानं माझ्या पिशवीतून मेतकुटाचा डबा काढला.

"ये क्या है?"

"मेतकूट."

"वो क्या होता है?"

"भातावर घेतात."

त्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा परत दिला. लिंबाचं लोणचं मात्र ठेवून घेतलं. त्यात तेल आहे म्हणाला. तेल असल्याशिवाय लोणचं टिकत नाही, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. ते त्यानं टिकवण्यासाठी घेतलं नव्हतं.

विमानात माझ्या शेजारी मेश्रामसाहेब होते. हे आमच्याच बी विंगमधले, निवृत्त वकील, मूळचे नागपूरकडचे. मेश्रामवहिनी मंडळात फुगडी घालतात, साहेब सामान सांभाळायला आले होते. विमान समुद्रावर आलं, खाली सगळीकडे सारखंच निळं दिसायला लागलं, तेव्हा मागून टाळ्या ऐकू आल्या. मीनाताईंनी मधल्या वाटेत चार बायका उभ्या केल्या होत्या आणि हळू आवाजात झिम्म्याची तालीम चालली होती. गाणं माझं होतं.

इथे गाण्याबद्दल सांगायला हवं. पुष्कळ वर्षांपूर्वी एक सासूबाई गिरणीवर दळण घेऊन आल्या. त्या बोलत होत्या सुनेबद्दल. सुनेनं चष्मा कुठे टाकला कळत नाही, मुद्दाम लपवते, माहेरी नेला असेल. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. सून मागे उभी होती, तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं. त्यांनी मला दळणाचा भाव विचारला, चष्म्याचं विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. त्या श्रावणात शेजारच्या मंगळागौरीला मी हे गाणं रचलं आणि म्हटलं:

चष्मा शोधती सासूबाई,
फ्रिजवर नाही, गॅसवर नाही,
सुनेनं लपवला, सुनेनं हरवला,
चष्मा कपाळी बसला गं बसला.

सून बघते, सून बोलेना,
जाऊ बघते, जाऊ बोलेना,
गिरणीवालीनं आधीच पाहिला,
तिला विचारी कोण गं कोण.

जुन्या बायका ओवी रचायच्या तेव्हा शेवटी आपलं नाव घालायच्या. माझ्या आईचं तसंच होतं. म्हणून मी शेवटी गिरणीवाली घातली. पुतणीनं ते मोबाइलवर घेतलं आणि पुढे पाठवलं. तिथून ते कोथरूडला गेलं, वारज्याला गेलं, आणि फिरत फिरत आमच्याच सोसायटीत परत आलं, तोवर ते पारंपरिक झालं होतं. मीनाताई सोसायटीत नंतर आलेल्या. त्या ते सिंहगड रोडच्या मंडळाकडून शिकल्या. मी एकदा त्यांना सांगितलं होतं, की हे मी रचलं आहे. "अहो काकू," त्या समजुतीनं म्हणाल्या होत्या, "लोकगीतं अशी कुणा एकाची नसतात."

पण विमानात मी जे ऐकलं ते नवीन होतं. दुसरं कडवं आलं आणि बायका गायल्या:

सून धावली, चष्मा पुसला,
सासूबाईंना हर्ष जाहला,
माया दोघींची फुलली गं फुलली.

मी मागे वळून विचारलं, "माझी गिरणीवाली कुठे गेली?"

"काकू, जहाजावर परदेशी प्रेक्षक असणार," मीनाताई म्हणाल्या. "आपली संस्कृती त्यांना कशी दिसेल? म्हणून शेवट थोडा सुधारला."

"विचारलं कुणाला?"

"लोकगीताला काय विचारायचं?"

हवाईसुंदरीनं सगळ्यांना खाली बसायला सांगितलं, त्यामुळे मीनाताई वाचल्या. मी मेश्रामसाहेबांना म्हटलं, "साहेब, इथे खाली समुद्र, वर आभाळ. इथे कुणी कुणाचं गाणं मोडलं तर तक्रार कुठे करायची?"

साहेब निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी कायद्यातलं विचारत नाही. त्यांनी सीट सरळ केली. म्हणाले, "विमान ज्या देशात नोंदलेलं असतं, त्या देशाचा कायदा त्याच्याबरोबर हवेतून जातो. जहाजाचंही तसंच. भर समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा."

"म्हणजे मी आत्ता विमानाच्या देशात आहे?"

"तसंच समजा."

"मग लोणचं परत मागता येईल का?"

"ते पुण्यात गेलं, काकू," साहेब गंभीरपणे म्हणाले. "त्याला आपला कायदा."

सिंगापूर स्वच्छ आहे. हे सगळेच लिहितात, तेव्हा मी जास्त लिहीत नाही. इतकं स्वच्छ, की खोकला आला तरी इकडेतिकडे पाहून खोकावं लागतं. आमच्याबरोबर सहल कंपनीचा सौरभ नावाचा मुलगा होता. तो प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युअली'नं सुरू करायचा. त्यानं आम्हाला एका बागेत नेलं, जिथे लोखंडाची झाडं उभी केली होती. खरी झाडं त्यांच्यावर चढवलेली होती. "ॲक्च्युअली काकू, हे रात्री लाइट होतात," तो म्हणाला. मी म्हटलं, झाडानं सावली द्यावी, लाइट खांबाला असतात. जेवायला कोपी तियाम (चहा-कॉफीचं दुकान) असतं तिथे गेलो. नारळाच्या जॅमचा पाव आणि अर्धवट उकडलेलं अंडं मिळालं. पाव चांगला होता. अंड्याबद्दल मी बोलणार नाही.

जहाज पाहिलं तेव्हा मला ते जहाज वाटलंच नाही. मला वाटलं बंदराच्या पलीकडची सोसायटी आहे. बाल्कन्या, कपडे वाळत घातलेले नाहीत एवढाच फरक. मागच्या बाजूला एक झेंडा होता, तो आपला नव्हता, सिंगापूरचाही नव्हता.

"कुणाचा हो?" मी सौरभला विचारलं.

"ॲक्च्युअली बहामाचा."

"जहाज तिकडून आलं?"

"नाही, कंपनी वेगळ्या देशातली आहे. फक्त रजिस्टर तिथे केलंय."

म्हणजे राहायचं कर्वेनगरात आणि गाडीचा नंबर भलत्याच गावचा. हे मला लगेच कळलं. आमच्या पार्किंगमध्ये अशा दोन आहेत.

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना एका दालनात बोलावून बुडालो तर काय करायचं ते शिकवतात. नारिंगी जाकीट कसं बांधायचं ते एका माणसानं दाखवलं. मीनाताईंनी लगेच आमच्या बायकांच्या रांगा लावल्या आणि नऊवारीवर जाकीट कसं बसेल, असं त्याला विचारलं. त्याला नऊवारी माहीत नव्हती. त्यानं 'नो प्रॉब्लेम' म्हटलं. बुडताना प्रॉब्लेम नाही हे ऐकून बरं वाटलं.

पहिल्या दिवशी समुद्र शांत होता तरी निम्म्या बायका आडव्या झाल्या. मला काही झालं नाही. गिरणीच्या घरघरीत इतकी वर्षं उभं राहिल्यावर जमीन हलण्याचं नवल वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाच्या नाट्यगृहात रंगीत तालीम होती. तिथे आमची गाठ रोझीबाईंशी पडली. त्या गोव्याच्या, जहाजावरच्या सगळ्या करमणुकीच्या कार्यक्रमांच्या प्रमुख. मराठी कोकणी मिसळून बोलायच्या, पण समजायचं. त्यांनी सगळी गाणी ऐकून घेतली आणि विचारलं, "ही गाणी कोणाची?"

"पारंपरिक," मीनाताई म्हणाल्या.

"सगळी?"

"सगळी."

"म्हाका (मला) नक्की कळलं पाहिजे. आम्ही कार्यक्रम चित्रित करतो, मग तो खोल्यांतल्या टीव्हीवर दाखवतो, पुढच्या फेऱ्यांनाही. ज्याचं गाणं त्याची परवानगी नसेल तर कंपनी मला विचारते."

"ही आमच्याकडे शेकडो वर्षांपासून म्हणतात," मीनाताई म्हणाल्या. मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या.

रोझीबाईंनी डोक्याला हात लावून विचार केला. "ते चष्म्याचंही?"

"तेही."

"त्यात फ्रिज आहे."

मेश्रामवहिनींना हसू आलं, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"शेकडो वर्षांपूर्वी तुमच्याकडे फ्रिज होता?" रोझीबाईंनी विचारलं. त्या खवचटपणे विचारत नव्हत्या. त्यांना खरंच माहिती हवी होती. "आणि गॅस?"

मी मागच्या खुर्चीवर नुसती बसले होते, मला सांगितलं होतं तशी. रोझीबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "कोणी लिहिलं, कोणाला माहीत आहे?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"मी," मी म्हटलं.

"देव बरें करूं (देव भलं करो)," रोझीबाई म्हणाल्या. "आजी, मग तुमची परवानगी आहे?"

"नाही."

आता सगळ्या बायका मागे वळल्या. मी सांगितलं, की त्यांनी शेवटचं कडवं काढून टाकलं आहे आणि तिथे माया फुलवली आहे. माझं गाणं म्हणायचं तर माझं म्हणा, नाही तर म्हणू नका. रोझीबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत मला काय ते सांगा. चष्मा हे कार्यक्रमाचं शेवटचं आणि सगळ्यात मोठं गाणं होतं. सगळं मंडळ एकदम रंगमंचावर येतं ते त्यातच. ते नसेल तर कार्यक्रम मधेच थांबल्यासारखा होणार, आणि दुसरं गाणं बसवायला वेळ नव्हता.

यानंतर मीनाताईंनी जे केलं, त्याला मी मनातून दाद दिली. त्या थेट मेश्रामसाहेबांकडे गेल्या. साहेब वरच्या डेकवर टोपी घालून बसले होते. मीही तिथेच जाऊन बसले. माझ्या पाठीमागे काही ठरू नये.

"साहेब, आत्ता आपण कुठल्या देशात आहोत?"

"हद्दीबाहेर असू. किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंत त्या त्या देशाची हद्द, पुढे कुणाची नाही. इथे जहाजाचा झेंडा. म्हणजे बहामा."

"मग पुण्यातल्या गाण्याचा बहामाला काय संबंध?"

"त्यांनी एका करारावर सही केली आहे, ताई. करारातल्या सगळ्या देशांनी एकमेकांच्या लेखकांना आपल्याच लेखकांसारखं वागवायचं. भारतही त्यात आहे."

"उद्या पेनांगला थांबणार ना? तिथे बंदरात कार्यक्रम केला तर?"

"बंदर मलेशियाचं. मलेशियाची सही आहे."

"परत सिंगापूरला पोचल्यावर? जहाज उभं असताना?"

"सिंगापूरचीही आहे."

"परतीच्या विमानात?"

"विमानाच्या देशाचीही आहे. आणि विमानात झिम्मा घालू देणार नाहीत, हे तुम्ही पाहिलंत."

मीनाताई कठड्याला धरून समुद्राकडे बघत राहिल्या. एवढ्या पाण्यात फ्रिज शेकडो वर्षं जुना ठरेल अशी एखादी जागा असावी, असं त्यांना वाटत असणार. मला त्यांची थोडी दया आली. फार नाही.

"म्हणजे आज इथे बहामा माझ्या बाजूनं आहे?" मी साहेबांना विचारलं.

"कडवं बदलायलाही तुमची हरकत चालते काकू, आणि नाव घालायचा आग्रहही."

"आणि पुण्यात असते तर?"

"पुण्यातही तुमचंच होतं."

"मग इथे येऊन वेगळं काय झालं?"

साहेबांनी टोपी नीट केली. "काऊन (का) म्हणाल तर, पुण्यात तुम्ही वकिलाला विचारलं नाही. बी विंगमध्येच तर होतो मी."

संध्याकाळी मी रोझीबाईंना काही सांगितलं नाही, मीनाताईंनीही नाही. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, पेनांगहून परत आल्यावर होता. रोझीबाई म्हणाल्या, ठीक आहे, उद्या दुपारी सांगा. त्या रात्रीच्या जेवणात आमच्या टेबलावर फक्त चमच्यांचा आवाज होता. जेवण मात्र उत्तम. पन्नास पदार्थ मांडलेले असतात आणि माणसं ते सगळेच घेतात. मी दहीभात घेतला आणि वर मेतकूट. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईनं बोटानं विचारलं, मी तिच्या भातावर थोडं घातलं. तिनं खाल्लं आणि नवऱ्याला दाखवलं. त्याला मी दिलं नाही. डबा लहान होता.

पेनांगला जुनी घरं फार सुंदर ठेवली आहेत. एका गल्लीत देऊळ, पुढे मशीद, त्यापुढे चिनी देऊळ, आणि प्रत्येक ठिकाणी खायला काहीतरी विकणारा माणूस. एका गाड्यावर चेंडोल (नारळाचं दूध, गूळ आणि हिरव्या शेवया घातलेला बर्फ) मिळालं. उकडत होतं म्हणून मी बाकावर बसून ते खात होते. मीनाताई आल्या आणि विचारल्याशिवाय शेजारी बसल्या.

"काकू, तुम्ही हट्ट करताय."

"हो."

"त्या बायकांनी सहा महिने तालीम केली आहे. कुणी नोकरी करून, कुणी नातवंडं सांभाळून. त्यांच्यासाठी तरी."

"मी त्यांना अडवलं नाही. ते कडवं घाला आणि नाचा."

"शेवट कडू आहे हो तो. परदेशी माणसांना काय वाटेल? सून बघते आणि सांगत नाही. जाऊ बघते आणि सांगत नाही. असं का करेल कुणी?"

"सासूबाईंनी आधी चोर ठरवला, मग चष्मा शोधला. म्हणून."

मीनाताई म्हणाल्या, "मी एवढ्या मुली शिकवल्या. त्यांतली कुणी माझं नाव सांगत फिरत नाही. मी मागते का?"

"तुम्ही मागा. मी कुठे अडवलंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी माझ्या वाटीतला चमचा उचलला आणि चेंडोल चाखलं.

"गोड आहे फार," त्या म्हणाल्या.

"शेवट कडू घालायला सांगा त्याला."

त्या हसल्या. शिकवणाऱ्या बायका हसल्या की लगेच गंभीर होतात, तशा झाल्या. "ठीक आहे. तुमचं कडवं घेऊ. पण माझी अडचण आहे. मायेच्या कडव्यात भोसलेबाई सासू होत्या, त्यांचा हात मोडल्यावर मी उभी राहत होते. नव्या शेवटात सासूला मध्ये बसून स्वतःचं हसं करून घ्यायचं आहे. ते काम मंडळात कुणी घेणार नाही. सगळ्या स्वतः सासू आहेत."

"मग?"

"तुम्ही बसा. तुम्हाला नुसतंच बसायचं होतं."

मी नाही म्हणू शकले नाही. माझीच अट माझ्याच गळ्यात पडली होती. चेंडोल त्यांनीच संपवलं.

दुपारी मी रोझीबाईंना हो सांगितलं. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं आणि दोनदा म्हणून घेतलं. "रंगमंचामागच्या पडद्यावर येणार," त्या म्हणाल्या.

कार्यक्रमाला नाट्यगृह भरलं होतं, असं मला नंतर सांगितलं. मला दिसलं नाही. कारण सासूबाईंचा चष्मा कपाळावर हवा, आणि चष्मा कपाळावर गेला की मला समोरचा हातसुद्धा पिठासारखा दिसतो. मला मेश्रामवहिनींनी हाताला धरून खुर्चीत बसवलं. जहाज त्या वेळी किंचित डोलत होतं. झिम्मा सुरू झाला, बायका माझ्याभोवती फिरायला लागल्या, आणि माझी खुर्ची हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. बायका गोल धरून माझ्यामागे सरकल्या. मग खुर्ची डावीकडे आली, त्याही आल्या. प्रेक्षकांना ते मुद्दाम बसवलेलं वाटलं. टाळ्या पडल्या.

चष्मा शोधती सासूबाई म्हटल्यावर मी हातानं चाचपडत होते. ते काम नव्हतं, मला खरंच काही सापडत नव्हतं. सून बघते, सून बोलेना. जाऊ बघते, जाऊ बोलेना. प्रेक्षक हसायला लागले. भाषा कळत नसूनही ते बरोबर जागी हसले. त्यांच्या घरीही सासवा असणार. मग शेवटच्या दोन ओळी आल्या. त्या मीनाताई एकट्याच म्हणाल्या, मोठ्यानं, वर्गाला ऐकू जाव्यात तशा:

गिरणीवालीनं आधीच पाहिला,
तिला विचारी कोण गं कोण.

पडदा पडला तेव्हा मी विचारलं, "नाव आलं का मागे?"

"आलं की, केवढं मोठं," मेश्रामवहिनी म्हणाल्या. "तुम्ही नाही पाहिलं?"

नाव माझ्या पाठीमागे होतं, चष्मा कपाळावर होता, आणि नाव इंग्रजीत होतं. यांतलं एक जरी बरोबर असतं तरी उपयोग नव्हता. मी म्हटलं, पाहिलं.

परतीच्या विमानात मीनाताई माझ्या शेजारी बसल्या. मेश्रामसाहेबांना त्यांनी उठवलं. बाहेर पाहत त्या म्हणाल्या, "आपण आत्ता कुणाच्या हद्दीत आहोत?"

"का? परत माया फुलवायची आहे का?"

"नाही. दुसरं कडवं लहान वाटतं. तुम्ही आणखी एक रचा. नणंदेवर."

"विचारताय?"

"विचारतेय," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे मला उत्तर देताना बघायला नको.

लोहगावला उतरून बाहेर आलो तेव्हा मुलगा गाडी घेऊन आला होता. रस्ताभर त्यानं विचारलं, काय काय पाहिलं. मी म्हटलं, समुद्र सगळीकडे सारखा असतो, त्याच्यावर झेंडा कुणाचा ते बघावं लागतं. त्याला वाटलं मला विमानानं दमवलं आहे. घरी पोचताच सुनेनं विचारलं, "कुणाला काही बोलला नाहीत ना?" मी म्हटलं, "फक्त नाही म्हटलं."

परदेशानं माणूस बदलतो असं वाचलं होतं. माझ्यात काही फरक नाही, गुडघे होते तेवढेच दुखतात. पण एक लक्षात आलं. घरच्या माणसांना माझं गाणं वर्षानुवर्षं पाठ होतं, आणि ते कुणाचं, हे विचारायला गोव्याची बाई, बहामाचा झेंडा आणि भर समुद्र लागला. यात घरच्या माणसांची चूक आहे असं मी म्हणत नाही. मीही वकिलाला विचारलं नव्हतं.

गणपतीत सोसायटीत मंडळाचा कार्यक्रम झाला. नोटीस बोर्डावर गाण्यांची यादी लागली, ती मीनाताईंच्या वळणदार अक्षरात. या वेळी मराठीत होती आणि चष्मा माझ्या नाकावर होता. शेवटी लिहिलं होतं: 'सासूबाईंचा चष्मा. पारंपरिक. रचना: श्रीमती सुभद्रा जगताप, गिरणीवाल्या.'

मेश्रामसाहेब शेजारी उभे होते. म्हणाले, "काकू, पारंपरिक खोडायला सांगा. दोन्ही एकदम बसत नाही."

मी यादी पुन्हा वाचली.

"राहू द्या," मी म्हटलं. "माझं वय बघता दोन्ही खरं आहे."